राखीव मालाची नोंद कोणाची? एका वितरण कंपनीच्या माहिती प्रणालीचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील कंपनी औद्योगिक यंत्रांचे काही सुटे भाग स्वतः तयार करते आणि इतर उत्पादकांचेही विकते. तिची तीन गोदामे आहेत, एक लहान उत्पादन विभाग आहे आणि ग्राहक बहुतांशी कारखाने आहेत. कारखान्यातील यंत्र बंद पडले की सुटा भाग येईपर्यंत तिथले काम ठप्प होते, म्हणून ‘माल केव्हा मिळेल?’ या प्रश्नाला खरे उत्तर देता येणे हा या व्यवसायाचा कणा आहे. कंपनीची ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि त्यांमागची कारणे मात्र जशी घडली तशीच ठेवली आहेत. मी या कामात बाहेरची प्रणाली विश्लेषक म्हणून पहिल्या बैठकीपासून सहभागी होते.

त्या वेळी कंपनीत तीन वेगळ्या व्यवस्था चालू होत्या. लेखा विभाग हिशेबाचे तयार सॉफ्टवेअर वापरत असे. गोदामांतील साठ्यासाठी एका माजी कर्मचाऱ्याने पूर्वी लिहिलेला प्रोग्रॅम होता. त्याला हात लावण्याचे धाडस आता कोणी करत नसे. विक्री विभागाचे सारे काम एक्सेलच्या फाइलींत आणि प्रतिनिधींच्या वह्यांत होते. एका व्यवस्थेतील माहिती दुसरीत जायची ती कागदावर छापून आणि पुन्हा टंकून.

याआधी कंपनीने एक एकात्मिक पॅकेज, म्हणजे सर्व विभागांचे काम एकत्र चालवणारे तयार सॉफ्टवेअर, विकत घेतले होते. त्यातील हिशेब आणि खरेदी हे भाग चालू झाले, साठा आणि विक्री हे भाग मात्र कधीच नीट चालले नाहीत, आणि अखेर सर्वच गुंडाळून लोक जुन्या व्यवस्थांकडे परतले. त्या अपयशाचे स्पष्टीकरण कंपनीत सर्वांच्या तोंडी एकच होते: पॅकेज वाईट होते. त्यामुळे माझ्याकडे काम आले तेही याच शब्दांत. संचालक म्हणाले, “या वेळी योग्य पॅकेज निवडून द्या, बाकीचे आम्ही बघतो.”

अडचण

पहिल्या आठवड्यात मी तिन्ही विभागप्रमुखांना एकाच खोलीत बसवून एकाच सुट्या भागाची शिल्लक विचारली. लेखाप्रमुखांनी ४२० नग सांगितले, गोदामप्रमुखांनी ३८५, आणि तेथे आलेल्या एका विक्री प्रतिनिधीने वही उघडून ३१० सांगितले. कोणाचीही चूक नव्हती. लेखा विभाग पुरवठादाराचे बिल आले की माल जमेस धरत असे, त्यामुळे अजून वाटेत असलेले ३५ नग त्यांच्या आकड्यात होते. गोदामाचा आकडा रॅकवर प्रत्यक्ष असलेल्या मालाचा होता. प्रतिनिधीने त्यातून आपल्या ग्राहकांना कबूल केलेले ७५ नग वजा केले होते.

खरी गोष्ट दुपारी उघड झाली. दुसऱ्या प्रतिनिधीला तोच प्रश्न विचारला तेव्हा त्याने ३४० हा आकडा दिला, कारण त्याने आपल्या ग्राहकांना ४५ नग कबूल केले होते आणि पहिल्याने दिलेल्या शब्दाची त्याला कल्पना नव्हती. दोघांचे शब्द एकत्र धरले तर विकायला मोकळे नग २६५ उरत होते, आणि हा आकडा कंपनीत कोणाकडेच नव्हता. ग्राहकांना दिलेल्या तारखा वारंवार का मोडतात, या प्रश्नाचा मोठा भाग त्या एका वजाबाकीत दडलेला होता.

‘शिल्लक’ या एका शब्दाचे तीन अर्थ तीन विभागांत नांदत असताना त्या तिघांना एकाच सॉफ्टवेअरमध्ये बसवले, तर तिघेही आपापला अर्थ घेऊनच त्यात शिरतील, अशी शंका मला तिथेच आली.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय संचालकांना हवा होता तो: नवे एकात्मिक पॅकेज निवडायचे आणि एका ठरलेल्या दिवशी सर्व विभागांत एकदम चालू करायचे. त्याचा फायदा उघड होता, कारण माहिती एकदाच नोंदली जाते आणि सर्वांना दिसते. मात्र मागच्या वेळीही नेमके हेच केले होते, आणि ते का फसले याचा शोध न घेता पुन्हा तेच करणे मला पटत नव्हते.

दुसरा पर्याय होता संपूर्ण प्रणाली स्वतःसाठी लिहून घेण्याचा: आधी सर्व गरजांचा दस्तऐवज, मग आराखडा, मग प्रोग्रॅमचे लेखन, मग चाचणी. या टप्प्याटप्प्याच्या पद्धतीला धबधबा पद्धत म्हणतात आणि विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या निबंधाशी तिचे नाव जोडले जाते. त्या निबंधात त्यांनी स्वतःच बजावले होते, की चाचणी सर्वांत शेवटी येणारी ही मांडणी जोखमीची आहे. प्रणाली नवी असेल तर ती एकदा प्रायोगिक स्वरूपात करून पाहावी आणि मग खरी करावी, असा त्यांचा सल्ला होता. पद्धत सर्वत्र पसरली, हा इशारा मात्र अनेकांनी वाचलाच नाही. आमच्याकडे ज्यांना गरजा सांगायच्या होत्या त्यांचे शिल्लक म्हणजे काय यावरच एकमत नव्हते. अशा स्थितीत सुरुवातीलाच गरजांच्या दस्तऐवजावर सह्या घेणे म्हणजे मतभेदावर शिक्का मारणे झाले असते.

तिसरा पर्याय जुन्या तिन्ही व्यवस्था ठेवून त्यांच्यात माहितीची देवाणघेवाण करणारे पूल बांधण्याचा होता. तो आम्ही लवकर सोडला. जो आकडा कुठेच नोंदलेला नाही तो पुलावरून जाणार तरी कसा?

चौथा पर्याय विक्रीप्रमुखांनी जोराने मांडला: नियोजनात वेळ न घालवता, जिथे सर्वांत जास्त त्रास आहे तिथले छोटे सॉफ्टवेअर करून घ्यायचे, ते वापरत सुधारायचे आणि मग पुढच्या त्रासाकडे वळायचे. २००१ मध्ये सतरा जणांनी मिळून मांडलेल्या अ‍ॅजाइल जाहीरनाम्यानंतर ही विचारसरणी सर्वमान्य झाली आहे आणि तिच्यात बरेच तथ्य आहे. तरीही मला भीती वाटत होती, कारण कंपनीतील जुना साठ्याचा प्रोग्रॅम आणि विक्रीच्या एक्सेल फाइली याच मार्गाने जन्मल्या होत्या. प्रत्येकाने आपल्या त्रासापुरता उपाय केला होता आणि त्या उपायांची बेरीज म्हणजेच आजची अडचण होती.

पहिला निर्णय: नियोजनाला किती वेळ द्यायचा

मी सहा आठवड्यांचे नियोजन सुचवले. संचालकांना ते जास्त वाटले. मागच्या अपयशात आधीच बराच काळ गेला होता. अखेर त्यांनी एका अटीवर होकार दिला: सहा आठवड्यांच्या शेवटी अहवालासोबत कोणाच्या तरी रोजच्या वापरात येईल अशी एक तरी गोष्ट तयार असली पाहिजे. मला ही अट त्या वेळी जाचक वाटली होती. आज वाटते, की या संपूर्ण कामातील सर्वांत चांगला निर्णय तोच होता, आणि तो माझा नव्हता.

नियोजनासाठी आम्ही दोन जुन्या पद्धतींचे भाग उचलले. जॉन रॉकार्ट यांनी १९७९ मध्ये मांडलेली ‘यशाचे कळीचे घटक’ ही कल्पना संचालकांच्या मुलाखतींसाठी वापरली. तुम्हाला कोणते अहवाल हवेत असे न विचारता, कोणत्या मोजक्या गोष्टी बिघडल्या तर व्यवसायच बिघडेल, असे त्यांना विचारले. तिन्ही संचालकांच्या उत्तरांत एक गोष्ट सामाईक होती: ग्राहकाला दिलेली तारीख.

दुसरी पद्धत आयबीएमने १९७० च्या दशकात रुजवलेल्या व्यवसाय प्रणाली नियोजनाची. तिचे सूत्र असे, की नियोजन वरून खाली करावे आणि उभारणी खालून वर. तिच्यावर टीका बरीच झाली. तिचे अभ्यास लांबत आणि अहवालांचे जाडजूड गठ्ठे कपाटात पडून राहत. आम्ही त्यातील फक्त तक्ता घेतला. भिंतीवर मोठे कागद जोडून आडव्या ओळींत कामे लिहिली, जसे चौकशी घेणे, खरेदी करणे, माल उतरवणे, बिल करणे. उभ्या स्तंभांत माहितीचे गट लिहिले, जसे ग्राहक, भागाचा कोड, साठा, पुरवठादार. मग प्रत्येक चौकटीत, ते काम ती माहिती निर्माण करत असेल तर ‘नि’ आणि नुसती वापरत असेल तर ‘वा’ लिहीत गेलो. नियम साधा असतो: एका स्तंभात ‘नि’ शक्यतो एकाच ठिकाणी असावा.

‘भागाचा कोड’ या स्तंभात ‘नि’ चार ठिकाणी आला. उत्पादन, खरेदी, गोदाम आणि लेखा असे चौघेही नवे कोड तयार करत होते, त्यामुळे एकच भाग अनेक नावांनी नोंदला गेला होता. हे आम्हाला अपेक्षित होते. अपेक्षित नव्हता तो ‘कबूल केलेला माल’ हा स्तंभ. त्यात वरपासून खालपर्यंत ‘वा’ होते आणि ‘नि’ एकही नव्हता. ही माहिती सर्वांना लागत होती आणि निर्माण कोणीच करत नव्हते. तक्त्यासमोर उभे असलेले सर्वजण थोडा वेळ गप्प झाले.

मी त्याच संध्याकाळी मागच्या पॅकेजची मांडणी उघडून पाहिली. माल राखून ठेवण्याची सोय त्यात होती आणि ती बंद करून ठेवलेली होती. त्या वेळच्या बैठकीच्या टिपणात कारणही सापडले: राखीव मालाची नोंद विक्री विभागाने करायची की गोदामाने, हे ठरले नाही, म्हणून ती सोय ‘तूर्त’ बंद ठेवावी. ती तशीच बंद राहिली, विक्री प्रतिनिधी वह्यांकडे परतले, आणि वाईट ठरले ते पॅकेज.

दुसरा निर्णय: सुरुवात कुठून करायची

पॅकेज पुरवणाऱ्यांचा नेहमीचा क्रम हिशेबापासून सुरू होतो, कारण हिशेबाचे नियम पक्के असतात आणि तो भाग लवकर उभा राहतो. आम्ही उलट ठरवले. बॅरी बोम यांच्या चक्राकार पद्धतीत, जी त्यांनी १९८० च्या दशकात मांडली, प्रत्येक फेरीत सर्वांत मोठी जोखीम आधी हाताळायची असते. आमची सर्वांत मोठी जोखीम राखीव मालाची नोंद हीच होती, आणि तिचे नियम कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून आधी एका गोदामासाठी छोटा प्रोटोटाइप, म्हणजे वापरून पाहण्यापुरता नमुना, करून नियम शोधायचे, मग ते नियम हातात घेऊन पॅकेजचा निर्णय करायचा, असे ठरले. संचालकांची अटही त्यामुळे पूर्ण होणार होती.

अंमलबजावणी

पहिल्या प्रोटोटाइपच्या पडद्यावर चौदा रकाने होते. मी विक्रीप्रमुखांशी बोलून ते ठरवले होते आणि मला ते नीटनेटके वाटत होते. आठवडाभरात त्यात एकही नोंद झाली नाही. मग मी गोदामात जाऊन बसले, जे मी आधीच करायला हवे होते.

तिथे रॅकवरच्या खोक्यांना पुठ्ठ्याच्या लहान चिठ्ठ्या दोऱ्याने बांधलेल्या होत्या. प्रतिनिधीचा फोन आला की गोदामप्रमुख चिठ्ठीवर ग्राहकाचे नाव आणि नग लिहून ती खोक्याला बांधत. “माल रॅकवर आहे, पण तो आता माझा नाही, हे माझ्या माणसांना कळायला हवे ना,” ते म्हणाले. म्हणजे तक्त्यात ज्या माहितीला निर्माताच नव्हता, तिला खरे तर एक निर्माता होता. तो भिंतीवरच्या कागदापर्यंत पोहोचला नव्हता, कारण आम्ही त्याच्या चिठ्ठ्या पाहिल्याच नव्हत्या. काही चिठ्ठ्यांवरची शाई फिकी पडली होती. त्या केव्हाच्या, ते ग्राहक अजून माल घेणार आहेत का, हे कोणाला सांगता येत नव्हते, आणि तो माल दुसऱ्या कोणाला देण्याची हिंमतही कोणी करत नव्हते.

दुसरा प्रोटोटाइप त्या चिठ्ठीवरून बेतला. रकाने पाच: भाग, नग, ग्राहक, कोणाच्या शब्दावर, आणि केव्हापर्यंत. पहिले चार चिठ्ठीत होते किंवा बोलण्यातून कळत होते. पाचवा नवा होता आणि त्यावरूनच मोठा वाद झाला. विक्रीप्रमुखांचे म्हणणे होते, की ग्राहकाला शब्द दिला तो दिला, त्याला मुदत कसली. गोदामप्रमुखांचे म्हणणे होते, की मुदत नसेल तर अर्धे रॅक अडूनच राहणार. दोघांचीही बाजू प्रामाणिक होती. हा प्रश्न सॉफ्टवेअरने सुटणारा नव्हता आणि मी तो सोडवण्याचा प्रयत्नही केला नाही. तो संचालकांसमोर नेला. त्यांनी ठरवले, की ऑर्डर पक्की झाली नाही तर ठरावीक दिवसांनी राखीव नोंद आपोआप सुटेल, आणि प्रतिनिधीला ती स्वतःच्या नावावर एकदाच वाढवता येईल. नोंद प्रतिनिधी करेल आणि गोदाम ती मान्य करेल. मागच्या वेळी ‘तूर्त’ बाजूला ठेवलेला प्रश्न तो हाच. हा निर्णय व्हायला दोन बैठका पुरल्या.

पडताळणीसाठी आम्ही जुनी आणि नवी नोंद काही काळ समांतर चालवली. आकडे रोज जुळत होते, सर्वांना समाधान होते, आणि ते समाधान खोटे निघाले. कर्मचारी दिवसभर जुन्या पद्धतीने काम करून संध्याकाळी जुन्या नोंदी पाहून नव्या प्रणालीत उतरवत होते, त्यामुळे आकडे जुळणारच होते. दुहेरी कामाचा बोजा टाकल्यावर माणसे असेच करणार, यात त्यांचा दोष नाही. हे लक्षात आल्यावर त्या एका गोदामात जुनी नोंद पूर्ण थांबवली, सर्व मालाची प्रत्यक्ष मोजणी केली आणि तिथून फक्त नव्या नोंदीवर काम सुरू केले. पहिले काही दिवस अतिशय कठीण गेले, पण चुका दिसू लागल्या आणि दुरुस्त होऊ लागल्या.

त्यानंतर पॅकेजचा प्रश्न घेतला. आता विक्रेत्यांना दाखवायला आमच्याकडे ठाम नियम होते, त्यामुळे प्रात्यक्षिकांच्या वेळी कोणता पडदा सुंदर दिसतो याऐवजी ‘मुदत संपलेली राखीव नोंद तुमच्याकडे कशी सुटते, करून दाखवा’ असे विचारता आले. तुलनेच्या अखेरीस कंपनीने निवडले ते पॅकेज म्हणजे मागच्या वेळी टाकून दिलेलेच, नव्या आवृत्तीत. संचालकांना हे पचायला जड गेले, पण आमच्या नियमांना ते सर्वांत कमी फेरफारांत बसत होते, आणि लेखा विभागाला त्याची थोडी सवयही होती.

वेळापत्रक कोसळले ते भागांच्या कोडमुळे. जुन्या यादीतील दोन कोड एकाच भागाचे आहेत की थोड्या वेगळ्या भागांचे, हे ठरवण्याचे काम माझ्या अंदाजाच्या कितीतरी पट निघाले. विक्रेत्याने जादा माणसे देऊ केली. उशिरा चाललेल्या प्रकल्पात माणसे वाढवली तर तो आणखी उशिरा होतो, हे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये सांगितले आहे, आणि इथे त्याचे कारण डोळ्यांसमोर होते: दोन बेअरिंगांतला फरक हातात घेऊन ओळखणारी माणसे गोदामातलीच होती, बाहेरून आलेल्यांना त्यांनाच विचारावे लागले असते. आम्ही जादा माणसे नाकारली आणि तारीख पुढे नेली. इतर दोन गोदामे नंतर एकेक करून जोडली.

परिणाम

आज प्रतिनिधीला ग्राहकाशी बोलतानाच मोकळे नग किती आहेत ते दिसते, आणि दोन प्रतिनिधींनी तोच माल दोघांना कबूल करण्याचा प्रकार दोन गोदामांत जवळजवळ थांबला आहे. तिसऱ्या गोदामात वही अजून चालते, कारण तिथला माल मोठा, जागा विखुरलेली आणि संगणक मालापासून दूर आहे. तिथे हाताळण्यायोग्य उपकरणे द्यायला हवी होती आणि त्याचा विचार आराखड्यात नव्हता. नवे कोड आता फक्त खरेदी विभाग तयार करतो. लेखा विभागाला सुरुवातीचे काही महिने महिनाअखेरचा ताळेबंद जुळवायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागला, याबद्दल त्यांची तक्रार रास्त होती.

तारखा किती पाळल्या जातात यात सुधारणा झाली, असे सर्वजण म्हणतात आणि मलाही तसे वाटते. ती किती झाली हे मात्र सांगता येत नाही, कारण काम सुरू करण्यापूर्वी किती तारखा मोडत होत्या याची मोजणी आम्ही केली नव्हती.

काय वेगळे करता आले असते

ती मोजणी हा पहिला मुद्दा. काही आठवडे दिलेल्या आणि पाळलेल्या तारखा साध्या कागदावर टिपल्या असत्या तरी पुरले असते, आणि तिसऱ्या गोदामासाठी उपकरणांची मागणी करताना आज हाती काही पुरावा असता.

कळीच्या घटकांच्या मुलाखती आम्ही फक्त संचालकांच्या घेतल्या. त्यातून दिशा बरोबर मिळाली, पण पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या त्या मुलाखतींत कधीच आल्या नसत्या. तक्ता भरण्याआधी प्रत्येक गोदामात एक पूर्ण दिवस बसले असते, तर चौदा रकान्यांचा पडदा तयारच झाला नसता आणि तिसऱ्या गोदामाची अडचणही वेळेत दिसली असती.

कोडची स्वच्छता पॅकेज निवडण्याची वाट न पाहता, तक्त्यात चार ‘नि’ दिसले त्याच आठवड्यात सुरू करता आली असती. कोणतेही पॅकेज घेतले असते तरी ती करावीच लागली असती.

सर्वांत जास्त विचार मी प्रोटोटाइपबद्दल करते. तो नियम शोधण्यापुरता होता आणि पॅकेज चालू होताच टाकून द्यायचा होता. पण गोदामातील लोकांना तो आवडला, त्यांच्या चिठ्ठीतूनच तो आला होता, आणि त्यांच्या आग्रहाखातर आम्ही तो काही महिने चालू ठेवून रात्री त्यातील नोंदी पॅकेजमध्ये पाठवत राहिलो. त्यामुळे दिवसा दोन ठिकाणी दोन आकडे दिसू लागले, म्हणजे जी अडचण घालवायला निघालो होतो तिचेच लहान रूप आम्ही स्वतः निर्माण केले. प्रोटोटाइप बंद करण्याची तारीख तो सुरू करतानाच सर्वांसमोर जाहीर करायला हवी होती, आणि पॅकेजमधील राखीव नोंदीचा पडदा त्या पाच रकान्यांइतकाच साधा करून देण्यासाठी वेळ राखून ठेवायला हवा होता.

भिंतीवरचा तक्ता संचालकांनी काढू दिला नाही. त्यातील ‘परत आलेला माल’ या स्तंभात अजून ‘नि’ नाही. ग्राहकाने परत पाठवलेला भाग पुन्हा विकण्याजोगा आहे की नाही हे कोण ठरवते, याचे उत्तर तिन्ही विभाग वेगवेगळे देतात. पुढच्या टप्प्याची पहिली बैठक त्याच प्रश्नावर आहे, आणि ती गोदामात घ्यायची असे ठरले आहे.